बिऱ्हाड पाण्यावर, बाजार शहरात

घर आहे पण अंगण नाही. चूल आहे पण परस नाही. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला त्यातला घोट नाही. मंडळी, हा उखाणा नव्हे. मुंबईला कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये पहाटे येऊन लागणाऱ्या मासेमारी बोटींचं हे वर्णन आहे. त्या बोटीवरचा माणूस किनाऱ्याला उतरला की शहरातली कामं एका दिवसात कशी उरकतो, हा आज आपला विषय.

तुम्ही म्हणाल, आम्हां धाडकरांना याचं काय? आपलं गाव बुलढाणा आणि जालना या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरच्याही पलीकडे. आपली पाण्याशी गाठ पडते ती विहिरीत, धरणात आणि नशीब असेल त्या वर्षी वेळेवर पडलेल्या पावसात. बोट तर पुष्कळांनी चित्रातच पाहिलेली. पण जरा विचार करा. आपल्याकडे शेतात घर करून राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांची बँक, तहसील, मोठा दवाखाना, मोटार भरून देणारा मिस्त्री, सगळं परगावी. राहायचं एकीकडे, कामं दुसरीकडे. सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला जायचं, दिवसभर उन्हात फिरायचं आणि दिवेलागणीला घरी. बोटीवरच्या माणसाचंही अगदी हेच आहे. फरक एवढाच, की आपल्याला उद्याची गाडी असते. त्याला उद्या नसतो. उद्या तो पाण्यावर असतो आणि तिथे दुकान नाही.

ही जागा आपल्याला वाटते तितकी परकीही नाही बरं का. ससून डॉक १८७५ साली अल्बर्ट ससून या बड्या व्यापाऱ्यानं समुद्रात भर टाकून बांधला. त्या काळी मुंबईचा मोठा व्यापार कापसाचा आणि त्या कापसात वऱ्हाडचा वाटा मोठा. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० साली निघाला तो या कापसासाठीच. तेव्हा आपल्या पणजोबांच्या शेतातली चार बोंडं कुलाब्याच्या वाऱ्याला लागून विलायतेला गेली असतील, असं म्हणायला हरकत नाही. आज तिथे कापसाचं नाव नाही. मासळी आहे, बर्फ आहे आणि नाकाला रुमाल लावायला लावणारा वास आहे.

या बोटींवर आठ-दहा माणसं असतात. मालकाला नाखवा म्हणतात, बोट चालवणाऱ्याला तांडेल, बाकीचे खलाशी. काही ठिकाणी मालकच तांडेल असतो आणि स्वतः पाण्यावर जातो. आपल्यात नाही का, सातबाऱ्यावरही तोच आणि वखरामागेही तोच. खलाशी कोकणातले, पालघरकडचे, कोणी आंध्रातले, कोणी उत्तर प्रदेशातले. जून आणि जुलै हे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दिवसांत मासळीची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो. ऑगस्टला बोटी सुटतात, त्या मे अखेरपर्यंत. दर खेपेला आठ-दहा दिवस पाण्यावर, मग एखादा दिवस धक्क्याला, की पुन्हा पाण्यावर. परमुलखातून आलेल्या खलाशाला मुंबईत खोली नसतेच. जाळ्याच्या ढिगाशेजारी अंथरूण, पत्र्याच्या पेटीत दोन कपडे आणि घरच्यांचा फोटो. आठ-नऊ महिने बोट हेच त्याचं बिऱ्हाड.

आता त्याच्या दिवसाकडे येऊ.

दिवस उजाडतो तो पहाटेच्या अंधारात. बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, तेव्हा धक्क्यावर यायचं तर दुसऱ्याच्या दोन-तीन बोटी ओलांडून यावं लागतं. मासळी उतरते, टोपल्या भरतात, लिलाव पुकारला जातो. ऊन चढेपर्यंत मोठा सौदा आटपतोही. बायका कोळंबी सोलायला बसलेल्या असतात. हा भाग आपल्या बाजार समितीसारखाच म्हणा. उचल दिलेला व्यापारी असतो आणि त्यालाच माल घालावा लागतो. हिशेब मागाहून होतो आणि बोलताना माणसाला पडतं घ्यावं लागतं. आडत्याचं घर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

लिलाव झाला की खरी घाई सुरू. कारण परत कधी निघायचं ते तांडेलाच्या हातात नसतं, ते भरतीच्या हातात असतं. ओहोटीला डॉकातलं पाणी उतरतं आणि डिझेल, बर्फ भरून जड झालेली बोट हलवणं अवघड होतं. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. यासाठी कोळ्यांकडे एक जुना हिशेब आहे, तो पंचांग पाहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना आवडेल. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला नि अमावास्येला बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत पाणीही जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग. मुंबईसाठी हा ढोबळ हिशेब चांगला जुळतो. चंद्रावर आपण सण धरतो, ते लोक त्यावर दुपारचा बाजार धरतात.

तर समजा अष्टमी आहे आणि संध्याकाळी सहाला निघायचं आहे. हातात उरले आठ-नऊ तास. त्यात काय काय बसवायचं?

डिझेल सगळ्यांत मोठं काम. मोठी बोट एका खेपेला हजार-दोन हजार लिटर जाळते. हे डिझेल बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत घेतात, कारण त्यावरच्या राज्याच्या कराचा परतावा पुढे संस्थेतून मिळतो. पुढे म्हणजे किती पुढे, हे विचारू नका. आपल्या अनुदानाचे जे नातेवाईक आहेत, त्यांतलाच हा एक. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचं ठरवलं. तेव्हा ही मंडळी आता कागदोपत्रीही आपली भाऊबंद झाली.

मग पिण्याचं पाणी. पिंपं नि टाक्या काठोकाठ भरायच्या. आठ-दहा माणसं आणि आठ-दहा दिवस, हा हिशेब तुमच्या घरची कारभारीण तोंडी करील. अंघोळीला गोडं पाणी मिळत नाही. मग किराणा : तांदूळ, पीठ, डाळ, तेल, तिखट, मीठ, कांदे, बटाटे, चहा, साखर, काड्यापेट्या, गॅसचं नळकांडं. कालवणाला मासळी घरचीच. आलं, लिंबू जास्त घेतात, ते मळमळीवर कामास येतं. पाव घेतात तो पहिल्या दोन दिवसांपुरता, पुढे दमट हवेत त्याला बुरशी येते.

दुरुस्तीचं काम मात्र शहरात पाठवतं. इंजिनाचा पट्टा, पाण्याच्या पंपाची चकती, डायनॅमो, बॅटरी, दिव्यांच्या तारा. बारीक हत्यारं नि यंत्राचे भाग हवेत तर नागदेवी स्ट्रीट, विजेचं सामान लोहार चाळीत. कुलाब्याहून बेस्टच्या बसनं तिकडे जायचं, गर्दीतून वाट काढायची, जुना तुटका भाग दुकानदारापुढे टाकायचा आणि म्हणायचं, अगदी असाच द्या. इथे शहाणा तांडेल एक गोष्ट करतो, ती आपण उचलावी अशी आहे. बिघडलेली वस्तू तो दिवसाच्या सुरुवातीलाच मिस्त्रीकडे टाकतो. मग बाकीची कामं. आणि येताना ती उचलतो. आपल्याकडे काय होतं? माणूस मोटार घेऊन बुलढाण्याला जातो. आधी ओळखीच्या दुकानात चहा, मग बियाण्याची चौकशी, मग बँक, आणि तीन वाजता मोटार मिस्त्रीपुढे. मिस्त्री म्हणतो, उद्या या. झाली दुसरी खेप. दोन वेळचं भाडं, दोन दिवसांची मजुरी आणि तिकडे हरभरा पाण्यावाचून माना टाकतोय.

आणि बर्फ? बर्फ सगळ्यांत शेवटी. डॉकावर बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून चुरा करतात आणि तो चुरा बोटीच्या पोटातल्या कप्प्यांत भरतात. काही टन लागतो. लवकर भरला तर धक्क्यावर उभ्या उभ्याच त्याचं पाणी व्हायला लागतं. तो कमी पडला तर पकडलेली मासळी परत येईपर्यंत उतरते, म्हणजे सगळी खेप मातीत, चुकलो, पाण्यात. नासणारं नि जड ते शेवटी, बंद होणारं दार ते आधी. हा क्रम कुणी शाळेत शिकवलेला नाही.

बंद होणाऱ्या दाराचं निघालं म्हणून सांगतो. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार, रविवार कुलूप. बँकांना २०१५ पासून महिन्याचा दुसरा नि चौथा शनिवार सुट्टी. तरीसुद्धा आपले लोक शनिवारी तहसीलला जातात आणि कुलपाला नमस्कार करून परत येतात. सातबारा आता डिजिटल सहीचा निघतो आणि जवळच्या केंद्रावरही मिळतो, त्यासाठी बुलढाण्याची वाट धरायचं कारणच नाही. निघण्यापूर्वी गावात होणारं काम गावातच उरकावं. बोटवाला तर भाड्याच्या बसचा पैसाही त्याच कामावर घालतो, जे धक्क्यावर होणार नाही.

कागदांचं त्याचं एक निराळंच प्रकरण आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा परवाना, बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले. त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोटच वाटेत पळवली होती आणि ते उतरले तेही कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ. त्यानंतर गरीब खलाशाच्या ओळखपत्राला फार महत्त्व आलं. बोटाच्या ठशांची ओळखपत्रं निघाली, जाता-येता नोंदी सुरू झाल्या. पाण्यावर तपासणी झाली आणि एखाद्याचं कार्ड नसलं, तर सगळ्या बोटीला जाब द्यावा लागतो. म्हणून ते सारे कागद प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा तांडेलाच्या उशाशी. आपल्याकडे आधार कार्ड एका ट्रंकेत, पासबुक देवघरात आणि विम्याची पावती कुठल्या तरी कोटाच्या खिशात. तो कोट बहुधा भावाच्या अंगावर असतो आणि भाऊ जालन्याला.

आता ज्या कामासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येतो. ते काम यादीत नसतंच.

खलाशाचे हात पाहा. दोरानं तळवे कापलेले, खाऱ्या पाण्यात नि बर्फात राहून कातडी फाटलेली. शिंगाळा नावाचा एक मासा असतो, त्याचा काटा घुसला की हात ठणकतो आणि जखम चिघळते. कुणाची दाढ दुखते, कुणाला चार दिवसांचा बारीक ताप. धक्क्याला लागल्यावर हा माणूस काय करतो? आधी मासळी उतरवतो. मग जाळी आवरतो, पिंपं भरतो, किराणा वाहतो. घरी पैसे पाठवतो. पूर्वी त्याला मनीऑर्डर करायला लागायची, आता मोबाईलवर होतं. मग बर्फ. आणि मग भरती आलेली असते. तांडेल विचारतो, “काय रे, हात कसा आहे?” आणि तो म्हणतो, “काही नाही, बसेल दोन दिवसांत.”

पुढे पाण्यावर काय होतं ते ऐका. किनाऱ्यापासून काही मैल आत गेलं की मोबाईल मुका होतो. उरतो तो वायरलेस. हात सुजून कोपरापर्यंत आला, ताप चढला, तर बोटीवरच्या डब्यात फार तर वेदनेच्या गोळ्या नि मलमपट्टी. बोट परत फिरवायची तर दीड-दोन दिवस, डिझेल वाया, बर्फ वाया, बाकी नऊ जणांची मजुरी वाया. त्या नऊ जणांच्या नजरेला नजर देणं नको म्हणून तो माणूस आणखी एक दिवस सोसतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक आहे आणि त्यांच्या जहाजांनी, हेलिकॉप्टरनं आजारी खलाशांना उचलून आणल्याच्या गोष्टी घडतात. पण जी जखम सकाळी नऊ वाजता दवाखान्यात धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आटपली असती, तिच्यासाठी हेलिकॉप्टर बोलवायची पाळी का यावी? माझं तर मत असं, की धक्क्याला लागल्यावर लिलावाच्या हिशेबाआधी ज्याला दुखतंखुपतं त्याला दवाखान्यात धाडणारा तांडेल हाच खरा शहाणा, मग तो मासे कमी का पकडीना.

आणि आता स्वतःच्या घराकडे वळून पाहा. बुलढाण्याला निघालेल्या घरधन्याच्या मागे दारात उभं राहून यादी कोण सांगतं? “अहो, फवारणीच्या पंपाचं नोझल आणा, बाळाच्या वह्या आणा, सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात.” त्या यादीत तिचं स्वतःचं काही नसतं. कंबर दुखते, चक्कर येते, अंगात रक्त कमी आहे असं आशाताईंनी सांगून तीन महिने झाले. छातीत गाठ लागते, पण दुखत नाही, म्हणून राहू दिली. बायांनो, हे नीट वाचा. न दुखणारी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ, असं मुळीच नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. लवकर दाखवली तर उपचार होतात. कापूस वेचून झाल्यावर दाखवू, मग लग्नसराईनंतर दाखवू, मग पेरणी आली. ही भरती कधी थांबत नाही.

सरकारी दवाखान्यातली बाहेरच्या रोग्यांची तपासणी मुख्यतः सकाळी असते. केसपेपर काढायला रांग, मग डॉक्टर, मग रक्त तपासायला दुसरी रांग. दुपारी एकला पोचलात तर दिवस गेला म्हणून समजा. म्हणजे दवाखाना हे सुद्धा लवकर बंद होणारं दार आहे आणि क्रमानं बघता तोच पहिला यायला हवा. मोटार मिस्त्रीकडे टाकली की लगेच दवाखान्याची रांग. बँक अकरालाही उघडी असते. बियाण्याचा दुकानदार तर तुम्हाला संध्याकाळी सहालाही हाक मारून बोलावील. आणि ज्या खेपेला घरधनी एकटाच निघालाय त्या खेपेला ती गाठ कशी दाखवणार? तेव्हा महिन्यातून एक खेप दोघांनी जायची, असं ठरवून टाकलेलं बरं. गोठ्याचं एक दिवस शेजारी पाहतील.

असं एकट्यानं पाण्यावर राहून कामाच्या याद्या करणारा एक मोठा मराठी माणूस सांगतो. भारतीय नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ ही त्यांची छप्पन्न फुटी बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले ते मे २०१० मध्ये परत आले. नऊ महिन्यांत थांबे किती? फक्त चार. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन. पोर्ट स्टॅन्ली तर आपल्या धाडपेक्षाही लहान, मेंढ्यांच्या मुलखातलं. नऊ महिन्यांत चारच बाजार, असा विचार करून पाहा. दोरा, सुई, गोळी, खिळा, जे काही विसराल त्याचं दुकान पुढल्या खंडावर.

विलायतेतही हा संसार आहे. इंग्लंडात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा वाहायला कालवे खणले. आज त्या कालव्यांवर लांबोडक्या बोटींत कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी साठ-सत्तर फुटांपर्यंत. आपल्या एस.टी.पेक्षाही अरुंद घर म्हणा ना. बोटीतच शेगडी, तीवर कोळसा. पाणी भरायचं ते कालव्याकाठच्या ठरलेल्या नळावर. गॅसचं नळकांडं स्वतः वाहून आणायचं आणि संडासाचा डबाही स्वतः नेऊन रिकामा करायचा. साहेब झाला म्हणून त्यातून सुटका नाही. ज्यांना बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानं एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही. पुढे सरका. मग टपाल कुठे यायचं? बँक विचारते, पत्ता काय. डॉक्टरकडे विचारतात, पत्ता काय. मतदार यादीसाठी मात्र तिथे सोय आहे. कायम पत्ता नसला तरी ‘या भागाशी माझा संबंध आहे’ असं लिहून देऊन नाव घालता येतं.

पत्त्याचा हा काच आपल्या लोकांना नवा नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबं चार-सहा महिने पालात राहतात. मुलांची शाळा एकीकडे, रेशन कार्ड एकीकडे आणि माणसं तिसरीकडे. एक गोष्ट मात्र सुधारली आहे आणि ती पुष्कळांना अजून ठाऊक नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही सोय २०२२ पर्यंत देशातल्या सगळ्या राज्यांत लागू झाली. आधार जोडलेलं असेल तर जिथे मुक्काम आहे तिथल्या स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, कार्ड बदलून घ्यायला नको. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच घरातल्या सगळ्यांची आधार जोडणी पाहून घ्यावी. साखर कारखान्याच्या फडात बसून ते काम होणार नाही, तिथे कोयता हातात असतो.

इकडे ससून डॉकात आपले साडेपाच वाजले. बर्फ भरून झाला. तांडेल माणसं मोजतो. हवामान खात्याचा इशारा ऐकून झालेला असतो. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे त्याची माहिती मराठीतही येते, ती पाहिलेली असते. एक खलाशी अजून आला नाही, तो केस कापायला गेलाय. आला धापा टाकत. दोर सुटतात.

आणि इतकं करूनही काही ना काही राहतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकाला बसलेला पोरगा ओरडतो, “मीठ कुठाय?” मिठाची पिशवी धक्क्यावर राहिलेली असते. चहूकडे खारं पाणी आणि कालवणाला मीठ नाही. समुद्राचं पाणी घालून पाहणारे असतात, पण ते कडवट लागतं. मग तांडेल वायरलेस उचलतो आणि आसपास कोण आहे ते विचारतो. ओळखीची एखादी बोट तास-दोन तासांवर सापडते. दोन्ही बोटी हळूहळू जवळ येतात. फार जवळ येता येत नाही, लाटेनं आपटतील. मग तिकडून दोरी फेकली जाते आणि तिला बांधलेल्या डब्यातून मीठ इकडे येतं. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, म्हणून त्यात इकडून चार लिंबं नि बिडीचं एक बंडल जातं.